बुर्खान : प्राचीन तुर्की भाषेतील बुद्धनामाचा उगम

बौद्ध धर्माच्या ऱ्हासाची मीमांसा करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एका शब्दाकडे आपले लक्ष वेधले आहे. मूर्ती या अर्थाने मुस्लिम जगात रूढ असलेला 'बुत' हा शब्द मूळ 'बुद्ध' या नावाचेच रूप होय, हे त्यांनी नमूद केले. जेथे विहार उरले नाहीत, ग्रंथ उरले नाहीत आणि भिक्खूही उरले नाहीत, तेथेही एखादा शब्द मागे राहतो. नीट तपासला तर तो शिलालेखासारखी साक्ष देतो. मात्र येथे 'नीट तपासला तर' ही अट फार महत्त्वाची आहे.

वर्षावासातील एका व्याख्यानानंतर एका ज्येष्ठ उपासकाने मला विचारले, "सर, आपल्याकडचे बक्षी हे आडनाव भिक्खू या शब्दावरूनच आले ना?" सभागृहात अनेकांनी माना डोलावल्या. मी मात्र अडचणीत सापडलो. याचे कारण असे की, एके काळी वर्गात मीही विद्यार्थ्यांना हेच सांगत असे. एका जुन्या पुस्तकात ते वाचले होते, ऐकायला गोड वाटले होते, म्हणून ते तपासावे असे मला सुचलेच नव्हते. पुढे मध्य आशियातील बौद्ध वाङ्मयाचा अभ्यास करू लागल्यावर आपली चूक ध्यानात आली. त्या उपासकांच्या प्रश्नाचे उत्तर मी लेखाच्या अखेरीस देणार आहे. तत्पूर्वी दुसऱ्या एका शब्दाचा विचार करू. प्राचीन तुर्की भाषेत भगवान बुद्धांना 'बुर्खान' म्हणत. या शब्दाचा उगम शोधताना विद्वानांनी जी पद्धत वापरली, तीच आपल्याला बक्षी या शब्दाच्या बाबतीतही वापरता येईल.

१) शब्द कोठे आढळतो?

इ. स. ५५२ मध्ये मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात तुर्कांचे साम्राज्य उदयास आले. त्यांचा एक सम्राट तास्पार कागान (इ. स. ५७२-५८१) बौद्ध धर्माकडे आकृष्ट झाला होता, असे चिनी इतिहासग्रंथ सांगतात. त्याच्यासाठी उत्तर चीनच्या दरबाराने ल्यू शिछिंग नावाच्या अधिकाऱ्याकडून निर्वाणसूत्राचे तुर्की भाषांतर करवून घेतले. गांधार देशाचा भिक्षू जिनगुप्त हाही याच काळात सुमारे दहा वर्षे तुर्कांच्या प्रदेशात राहिला. परंतु हे भाषांतर आज उपलब्ध नाही.

आठव्या शतकातील ओर्खोन नदीकाठचे तुर्की शिलालेख डॅनिश पंडित विल्हेल्म थॉमसेन यांनी १८९३ मध्ये उलगडले. त्यांत बौद्ध धर्माचे चिन्ह दिसत नाही. बिल्गे कागानाला बुद्धमंदिर बांधावयाचे होते. परंतु अशा शिकवणीने लढवय्ये लोक मवाळ बनतील, असे सांगून तोन्युकुक या वृद्ध मंत्र्याने त्याला परावृत्त केले, अशी नोंद चिनी इतिहासात आहे.

तुर्की भाषेत बौद्ध वाङ्मयाची खरी समृद्धी आली ती उइगुरांमुळे. इ. स. ७४४ मध्ये त्यांनी राज्य स्थापन केले आणि ७६२-६३ च्या सुमारास त्यांच्या राजाने मानी या इराणी प्रेषिताचा धर्म स्वीकारला. ८४० मध्ये किर्गिझांनी त्यांची राजधानी उद्ध्वस्त केली. तेव्हा त्यांतील बरेच लोक तुर्फानच्या परिसरात जाऊन स्थिरावले. तेथे तोखारी, चिनी आणि सोग्दी बौद्धांशी त्यांचा निकट सहवास घडला व हळूहळू बहुसंख्य उइगुर बौद्ध झाले. १९०२ ते १९१४ या काळात जर्मन मोहिमांनी तुर्फानच्या वाळूतून हजारो हस्तलिखित तुकडे बर्लिनला नेले. या तुकड्यांत बुद्धांसाठी वारंवार येणारा शब्द म्हणजे 'बुर्खान' होय.

२) सोपे उत्तर आणि त्यातील अडचण

'बुर्खान' म्हणजे 'बुद्ध' अधिक 'खान', असे उत्तर चटकन सुचते. शब्दाचा उत्तरार्ध 'खान', म्हणजे राजा, हे बहुतेक विद्वानांना मान्य आहे. अडचण पूर्वार्धात आहे. 'बुद्ध' शब्दातील 'द्ध' चा 'र' कसा झाला?

तुर्की जिभेला 'बुद्' किंवा 'बुत्' उच्चारता येत नव्हते, असे म्हणावे तर तसेही नाही. उइगुर ग्रंथांत त्रिरत्नांना वंदन करताना 'नमो बुत्, नमो दर्म, नमो संग' अशी शब्दयोजना येते. म्हणजे 'बुत्' हे रूप उइगुरांना ठाऊक होते आणि उच्चारताही येत होते. मग त्याच लोकांनी रोजच्या वापरात 'बुर्' का म्हणावे? 'बुद्ध' शब्द भारतातून थेट तुर्कांकडे गेला असता, तर या 'र'चा उलगडा होत नाही. याचा अर्थ असा की, भारत आणि तुर्क यांच्यामध्ये आणखी एक भाषा असली पाहिजे आणि तिच्यात हा शब्द 'बुर्' असा, किंवा त्याच्या अगदी जवळपास, उच्चारला जात असला पाहिजे.

अशा रीतीने अनुमानाने सिद्ध केलेल्या रूपाला भाषाशास्त्रात 'पुनर्रचित रूप' म्हणतात. ते लिखित स्वरूपात मिळालेले नाही, हे दाखविण्यासाठी त्याच्यापुढे तारकाचिन्ह देण्याचा प्रघात आहे. त्यानुसार आपल्याला *बुर् हे रूप मिळाले. आता ते कोणत्या भाषेतील, याचा शोध घ्यावयाचा.

३) हरवलेला दुवा

हा दुवा चिनी भाषेत सापडतो. आजच्या प्रमाण चिनी भाषेत बुद्धांना 'फो' म्हणतात. 'फो' आणि 'बुर्' यांच्यात वरवर पाहता काहीच साम्य नाही. परंतु आजचा उच्चार हा प्राचीन उच्चार नव्हे. चिनी लिपीतील चिन्हे शब्द दाखवितात, त्यातील ध्वनी उकलून दाखवीत नाहीत. त्यामुळे चिन्ह तेच राहिले तरी उच्चार शतकानुशतके बदलत गेला. सुदैवाने इ. स. ६०१ मध्ये सिद्ध झालेल्या 'छिएयुन' या यमककोशात अक्षरांची उच्चारानुसार वर्गवारी केलेली आहे. तिचा आणि आजच्या बोलींचा मेळ घालून स्वीडिश पंडित बर्नहार्ड कार्लग्रेन (१८८९-१९७८) यांनी प्राचीन चिनी उच्चारांची पुनर्रचना केली. तिच्यानुसार 'फो' या अक्षराच्या आरंभी 'ब' आणि अखेरीस 'त्' होता. म्हणजे उच्चार स्थूलमानाने *ब्युत् असा होता.

याला शेजारच्या भाषांचा भक्कम दुजोरा मिळतो. हा शब्द चिनी भाषेकडून ज्यांनी ज्यांनी घेतला, त्यांनी त्यांनी आपापल्या काळातील उच्चार जपून ठेवला. जपानी लोक याच अक्षराला 'बुत्सु' म्हणतात. व्हिएतनामी भाषेत 'बुत्' हे जुने आणि 'फात्' हे नंतरचे अशी दोन्ही रूपे नांदतात. दक्षिण चीनमधील कँटनी बोलीत 'फात्' म्हणतात. या सर्वांत अंत्य 'त्' टिकून आहे. कोरियन भाषेत मात्र 'बुल' म्हणतात. तेथे अखेरच्या 'त्'च्या जागी 'ल' आला आहे, आणि कोरियन भाषेत 'र' व 'ल' हे एकाच ध्वनीचे दोन आविष्कार होत. येथे आपण तुर्की 'बुर्'च्या अगदी दाराशी येऊन पोहोचतो.

निर्णायक पुरावा तुनह्वांगच्या लेण्यांतून मिळाला. तेथील बंदिस्त ग्रंथकोठडी १९०० मध्ये उघडकीस आली. आठव्या शतकाच्या अखेरीपासून इ. स. ८४८ पर्यंत तुनह्वांगवर तिबेटी सत्ता होती. त्या काळापासून तेथील काही जणांनी चिनी सूत्रे पठणासाठी तिबेटी लिपीत लिहून घेतली. आपल्याकडे इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहून पाठ करतात, तसाच हा प्रकार. तिबेटी लिपी भारतीय लिपीपासून निघालेली असल्याने ती ध्वनी दाखविते. चिनी विद्वान लुओ छांगफेइ यांनी १९३३ मध्ये या लेखनाच्या आधारे वायव्य चीनमधील तत्कालीन बोलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसते की, ज्या चिनी अक्षरांच्या अखेरीस पूर्वी 'त्' होता, त्यांच्या अखेरीस या बोलीत 'र्' लिहिलेला आढळतो. बुद्धवाचक अक्षर तेथे 'बुर्' असेच लिहिलेले आहे.

ज्याला आपण अनुमानाने तारकाचिन्ह लावले होते, तेच रूप तिबेटी अक्षरांत समोर उभे राहिले. शिवाय ही बोली तुर्फानला लागून असलेल्या प्रदेशातील आहे. ध्वनी जुळतो, प्रदेश जुळतो आणि काळही जुळतो. म्हणूनच 'बुर्खान'चा पूर्वार्ध वायव्य चिनी बोलीतून आला, हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे.

४) 'खान' कशासाठी?

बुद्धनामाला राजवाचक शब्द जोडण्याचे कारण काय असावे? तुर्कांच्या शेजारच्या तोखारी भाषेत याला समांतर उदाहरण आहे. तोखारी भाषेच्या एका शाखेत बुद्धांना 'प्ताञ्कात्' म्हणत. त्यातील पहिला भाग बुद्धवाचक, तर दुसऱ्याचा अर्थ 'देव' असा आहे. परदेशी नाव कानाला अपुरे वाटते, त्याचा अर्थ उमजत नाही; म्हणून त्याला आपल्या भाषेतील आदरवाचक शब्द जोडावयाचा, ही रीत दोन्हीकडे सारखीच दिसते.

येथे आपण एक विवेक राखला पाहिजे. पालि वाङ्मयातील सेलसुत्तात भगवान बुद्ध स्वतःला राजा म्हणवतात. पण कोणता राजा? धम्मराजा, ज्याचे चक्र दंडाने फिरत नाही. तुर्कांनी 'खान' म्हटले तेव्हा त्यांच्या मनात हा सूक्ष्म भेद होता की नाही, हे शब्दावरून ठरविता येणार नाही. त्याचप्रमाणे तोखारी लोकांनी 'देव' म्हटले म्हणून तथागतांनी देवत्वाचा दावा केला, असे कोणी म्हणू नये. स्वीकारणाऱ्याने आपल्या समाजातील सर्वोच्च सन्मानाचा शब्द देऊ केला, एवढेच त्यातून सिद्ध होते. मानीचे अनुयायी असलेल्या उइगुरांनी तर आपल्या प्रेषितालाही 'मानी बुर्खान' म्हटले.

५) तीन रत्ने, तीन वाटा

त्रिरत्नांना उइगुर भाषेत 'उच् एर्दिनी' म्हणत. 'उच्' म्हणजे तीन, हा अस्सल तुर्की शब्द. तर 'एर्दिनी' हे संस्कृत 'रत्न' शब्दाचे सोग्दी मार्गाने आलेले रूप. या तीन रत्नांपैकी पहिले 'बुर्खान' चिनी वाटेने आले, हे आपण पाहिले.

दुसरे रत्न धम्म. त्याला उइगुर भाषेत 'नोम' म्हणत. हा शब्द भारतीय नाही, चिनीही नाही. तो मूळचा ग्रीक 'नोमोस' म्हणजे कायदा, नियम. ग्रीकातून तो सिरियाक भाषेत, तेथून सोग्दी व्यापाऱ्यांच्या भाषेत आणि पुढे तुर्कीत आला. मंगोल भाषेत 'नोम' म्हणजे आज सर्वसामान्य ग्रंथ वा पुस्तक. तिसरे रत्न संघ. त्याला 'बुर्सङ्' म्हणत. हा चिनी 'बुद्ध-संघ' अशा जोडशब्दाचा वायव्य उच्चार होय. येथेही तोच 'बुर्' आहे, ही गोष्ट आपल्या निष्कर्षाला आणखी बळकटी देते.

आपण ज्याला 'सिक्खापद' म्हणतो, त्याला उइगुर 'चख्शापत' म्हणत. हा शब्द संस्कृत 'शिक्षापद'पासून सोग्दीमार्गे गेला. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास बेशबालिकच्या शिंगको शेली तुतुंग या विद्वानाने सुवर्णप्रभाससूत्र आणि ह्युएनत्संगाचे चरित्र चिनीतून उइगुर भाषेत आणले. इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात येऊन गेलेला हाच तो ह्युएनत्संग. भाषांतरकाराच्या नावातील 'शेली' म्हणजे आपला 'आचार्य'. मात्र तो चिनी उच्चारातून गाळून आलेला.

६) मोह आणि संयम

साम्यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह विद्वानांनाही आवरत नाही. १९५६ मध्ये मंगोलियात बुगुत येथे तुर्क साम्राज्याच्या आरंभकाळातील, सोग्दी भाषेतील शिलालेख सापडला. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी रशियन पंडित क्ल्याश्तोर्नी आणि लिव्शित्स यांनी त्यातील एका ओळीचा अर्थ 'नवा मोठा संघ स्थापन करा' असा लावला. तुर्कांच्या राजाज्ञेत बौद्ध संघाचा उल्लेख मिळाला, म्हणून अभ्यासक हर्षभरित झाले.

१९९० च्या दशकात जपानी विद्वान योशिदा युताका यांनी शिलेची पुन्हा बारकाईने तपासणी केली. जेथे 'नवा' असे वाचले होते, तेथे 'नोम' म्हणजे कायदा असा शब्द होता. आणि जेथे 'संघ' वाचला होता, तेथे 'संग' म्हणजे दगड होता. आपल्या 'संगमरवर' या शब्दातील फारसी 'संग' तो हाच. 'नवा संघ' मावळला आणि 'नियमशिला' उरली. बौद्ध म्हणून मला वाईट वाटले, हे कबूल करतो. पण तास्पार कागानाच्या काळातील बौद्ध धर्माचे चिनी पुरावे त्यामुळे बाधित होत नाहीत. चुकीचा पुरावा गळाल्याने खऱ्या पुराव्याचे वजन वाढतेच.

७) 'बक्षी'चे काय?

आता त्या उपासकांच्या प्रश्नाकडे येऊ. 'बक्षी' शब्दाचे प्राचीन तुर्की रूप 'बख्शी'. तो 'भिक्षु'पासून आला, असे मत पूर्वी मांडले गेले होते. परंतु 'भि'चा 'ब' होताना इकाराचा अकार का व्हावा आणि अंत्य उकाराचा इकार का व्हावा, याचे समाधानकारक उत्तर त्यात नाही. अर्थही नीट जुळत नाही. उइगुर ग्रंथांत 'बख्शी' म्हणजे गुरू, शिक्षक. भिक्खूसाठी तेथे 'तोयिन' हा वेगळा, चिनीतूनच आलेला शब्द आहे.

याउलट चिनी भाषेत विद्वानासाठी 'बोशी' हा शब्द आहे. त्याच्या पहिल्या अक्षराचा प्राचीन उच्चार *पाक् असा होता. जपानी भाषेतील 'हाकासे' म्हणजे विद्वान, हे याच शब्दाचे रूप. ध्वनी आणि अर्थ दोन्ही जुळतात, म्हणून 'बख्शी'चे मूळ चिनी, हे मत ग्राह्य धरले जाते. मंगोल भाषेत शिक्षकाला आजही 'बग्श' म्हणतात.

मग या शब्दाचा बौद्ध धर्माशी संबंधच नाही काय? आहे, आणि तो फार जवळचा आहे. इराणच्या मंगोल राज्यात 'बख्शी' म्हणजे बौद्ध आचार्य. तेथील राजा अर्घून (इ. स. १२८४-१२९१) बौद्ध होता. १२९५ मध्ये गाझान याने इस्लाम स्वीकारला, बुद्धमंदिरे पाडण्यात आली आणि आचार्यांचा आश्रय तुटला. शब्द मात्र राहिला. उइगुर लिपी जाणणारा लेखनिक तो बख्शी, असा अर्थ झाला. पुढे मोगलांच्या काळी 'मीरबख्शी' सैन्याची हजेरी आणि पगार पाहणारा उच्च अधिकारी बनला. त्याच मोगल दरबारातील अबुल फझल 'ऐन-इ-अकबरी'मध्ये नोंदवितो की, फारसी व अरबी विद्वान बौद्ध धर्मगुरूंना 'बख्शी' म्हणतात. शब्दाचे दोन्ही अर्थ त्याच्या काळी एकाच राज्यात नांदत होते. तेथून हे पद मराठेशाहीत आले. महादजी शिंदे यांचे सेनानी जिवबादादा बक्षी यांचे नाव आपणास परिचित आहे. 'बक्षीस' हा शब्द मात्र निराळा. तो देणे या अर्थाच्या फारसी धातूपासून आला आहे.

तेव्हा उत्तर असे : बक्षी हा शब्द भिक्खूपासून निघालेला नाही, पण एके काळी तो बौद्ध आचार्यांचे नाव होता.

८) उपसंहार

'बुर्खान' शब्दाच्या वाट्याला 'बुत'सारखेच भोग आले. महमूद अल-काशगरी याने अकराव्या शतकाच्या आठव्या दशकात तुर्की भाषेचा जो अरबी कोश रचला, त्यात या शब्दाचा अर्थ 'मूर्ती' असा दिला आहे. बौद्ध उइगुरांवरील स्वारीचे एक गीतही त्यात आहे, आणि बुर्खानाच्या गृहाचा विध्वंस व प्रतिमेची विटंबना त्यात अभिमानाने वर्णिली आहे. तरीही सुवर्णप्रभाससूत्राची एक उइगुर प्रत इ. स. १६८७ मध्ये चीनच्या वायव्य भागात लिहिली गेली. म्हणजे त्या गीतानंतरही सहा शतकांहून अधिक काळ कोणीतरी हे नाव आदराने लिहीत होते. मंगोल बौद्ध आजही तथागतांना 'बुर्खान' म्हणतात.

या शब्दाने आपल्याला दोन गोष्टी शिकविल्या. एक, धम्म भारताबाहेर एका वाटेने गेला नाही. चिनी भिक्षू, सोग्दी व्यापारी आणि तोखारी भाषांतरकार यांनी तो हातोहात पुढे नेला. त्यांचे श्रेय आपण त्यांना दिले पाहिजे. दुसरी, जे आपल्याला प्रिय आहे ते अधिक काटेकोरपणे तपासले पाहिजे. ऐकीव, परंपरागत किंवा ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, हा कालामांना केलेला उपदेश शब्दांच्या व्युत्पत्तीलाही लागू आहे. त्या दिवशी सभागृहात मी त्या उपासकांना 'होय' म्हटले असते, तर टाळ्या मिळाल्या असत्या. परंतु उद्या एखाद्या अभ्यासकाने ती एक चूक दाखवून आपला सारा इतिहासच कल्पित ठरविला असता, तर त्याला उत्तर देणे आपल्याला जड गेले असते.